खांबापाशी वळायला जागा नाही

मार्सेलीन वेसाद यांनी शहात्तर वर्षांच्या आयुष्यात सरकारला चाळीस पत्रं लिहिली होती आणि त्यातल्या एकाही पत्रात कुणाचे आभार मानले नव्हते. आभार मानण्याजोगं काही घडलंच नाही, असं त्यांचं म्हणणं. पोस्टमन कुत्र्याला बिस्किटं घालून बिघडवतो, याबद्दल एक पत्र होतं. रस्त्यावरच्या पाटीवर बुशेचं नाव नाही, याबद्दल सहा होती. पाटीवर नाव आलं, तर अक्षरं बारीक आहेत म्हणून सातवं गेलं.

बुशे म्हणजे एकच घर, त्याचं अंगण आणि मागचा गोठा. पठारावरून येणारा रस्ता फोंपेर गाव मागे टाकतो, चढ चढतो आणि दगडी क्रूसापाशी पोचतो. तिथं पाटीचा खांब आहे. त्या खांबाशी फ्रान्समधला लोझेर जिल्हा संपतो आणि बुशे त्याच्या पलीकडे सहाशे मीटरवर. त्यामुळे कागदोपत्री मार्सेलीनबाई पलीकडच्या जिल्ह्याच्या. मत तिकडे, कर तिकडे, गाडीच्या पाटीवरचा आकडाही तिकडचा. पण तिकडून घरापर्यंत येणारा रस्ता जंगलातून येतो आणि ऑक्टोबर सरला की त्यावरून रानडुकरांखेरीज कुणी जात नाही. मग पाव, टपाल, नर्स, पाद्री, सगळं अलीकडून, फोंपेरहून यायचं. नवऱ्याला मूठमाती दिली तीही फोंपेरलाच.

हे असं का झालं, याची वेसादांच्या घरात एक कथा होती. क्रांतीनंतर जिल्हे आखायला निघालेले मोजणीदार दुपारी बुशेला जेवायला थांबले. घरच्या बाईनं त्यांना कालचं सूप वाढलं. मोजणीदार काही बोलले नाहीत, फक्त निघताना रेघ घराच्या अलीकडून ओढून गेले. कथा खरी की खोटी, देव जाणे. पण लग्न होऊन या घरात आल्यापासून मार्सेलीनबाईंनी कुणा परक्याला कालचं सूप वाढलं नव्हतं.

आता रेझीसची गोष्ट. रेझीस पाझेस हा जिल्ह्याच्या रस्तेखात्यात बर्फगाडीवर होता. जिल्ह्याची बर्फगाडी जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत. पुढचा बर्फ पुढच्यांचा. हा नियम आणि त्यात गैर काही नाही. पण सव्वीस वर्षांपूर्वीच्या एका सकाळी रेझीसची केशरी गाडी खांब ओलांडून, बर्फ उडवत थेट मार्सेलीनबाईंच्या अंगणात येऊन उभी राहिली. काच खाली झाली आणि मिशाळ तोंड बाहेर आलं.

"मादाम, जरा तुमच्या अंगणात वळू का? खांबापाशी वळायला जागाच नाही हो!"

"इतका मोठा जिल्हा आणि वळायला जागा नाही?" मार्सेलीनबाई म्हणाल्या. "वळ बाबा. पण भिंत सांभाळ!"

तेव्हापासून प्रत्येक हिवाळ्यात, प्रत्येक बर्फाला हेच. तेच वाक्य, तेच उत्तर. गाडी वळेपर्यंत मार्सेलीनबाई कोबी-बटाट्याच्या सुपाचं वाडगं घेऊन दारात येत, ते वर काचेतून देत आणि त्याचं पिऊन होईपर्यंत त्याला भरपूर सुनावत. तीन वेळा त्यानं भिंतीला धक्का दिला होता. एकदा गुलाबाचं झुडूप गेलं होतं. "तुम्हा लोझेरवाल्यांना मी माझं अंगण वापरू देते," त्या फोंपेरच्या दुकानात ऐटीत सांगत, "नाहीतर तुमची गाडी वसंतापर्यंत खांबापाशीच अडकून बसली असती!" दुकानातले लोक एकमेकांकडे बघत आणि म्हणत, "खरं आहे, मादाम. तुमचे उपकार."

गेल्या मार्चमध्ये भिंतीला तिसरा धक्का बसला आणि त्याच आठवड्यात कळलं की रेझीस उन्हाळ्यात निवृत्त होणार. मार्सेलीनबाईंच्या मनात आलं, त्याच्यामागून जो कुणी येईल त्याला भिंतीची काय कदर? शिवाय, खोटं कशाला सांगा, त्यांना रेझीसची दयाही आली होती. पाठ धरलेला माणूस. दर खेपेला सहाशे मीटर जादा यायचं, सहाशे मीटर जादा जायचं, आणि ते कशासाठी, तर वळायला जागा नाही म्हणून! त्यांनी चाळिसावं पत्र लिहिलं ते मांदला, रस्तेखात्याला. मांद हे लोझेरचं मुख्य ठाणं. आपल्या नसलेल्या जिल्ह्याला पत्र लिहायला त्या कधीच संकोचत नसत. "आपल्या गाडीला हद्दीपाशी वळता येत नसल्यानं गेली सव्वीस वर्षं मी माझं अंगण देत आले आहे. आता खांबापाशी रीतसर जागा करावी आणि आपल्या चालकाचा हा हेलपाटा बंद करावा."

सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे फ्रान्समध्येही तितकंच खरं. पण या एकाच पत्राला, कोण जाणे कोणत्या मुहूर्तावर लिहिलं होतं, अठराव्या दिवशी उत्तर आलं. आपली सूचना रास्त आहे. ऑगस्टमध्ये तीन माणसं आणि एक रोलर आला. क्रूसाच्या बाजूची जागा सपाट झाली, खडी पडली, डांबर पडलं. मार्सेलीनबाई काठी टेकत तिथवर गेल्या, त्या तिघांना ताजं सूप पाजलं आणि म्हणाल्या, "अजून थोडं रुंद करा. पुन्हा तक्रार नको." त्यांनी बिचाऱ्यांनी अजून थोडं रुंद केलं.

नोव्हेंबरच्या शेवटी पहिला बर्फ पडला. मार्सेलीनबाईंनी सवयीनं सूप चढवलं. गाडीचा आवाज आला, चढ चढला, खांबापाशी पोचला. मग गाडी मागे-पुढे झाल्याचा आवाज आला आणि तो दूर दूर जात फोंपेरच्या दिशेनं विरला. बाई खिडकीशी वाडगं घेऊन उभ्या राहिल्या. नवीन चालक आहे, त्यांनी स्वतःची समजूत घातली, तिला ठाऊक नसेल. नवीन चालक बाई होती, सेवरीन नावाची, हे त्यांना दुकानातून कळलं होतं.

चार दिवसांनी पुन्हा बर्फ पडला. पुन्हा तोच आवाज खांबापर्यंत आला आणि परत गेला. तेव्हा कुठं मार्सेलीनबाईंच्या ध्यानात आलं की गाडी वळण्यासाठी येत होती, आणि आता वळायला जागा झाली आहे. आपल्याच हातानं आपल्याच पायावर त्यांनी धोंडा पाडून घेतला होता, आणि वर तो धोंडा अजून थोडा रुंद करून घेतला होता.

याचा अर्थ काय, ते शुक्रवारी नर्सबाई आली तेव्हा कळलं. मार्सेलीनबाईंच्या डाव्या पायाची जखम गेलं वर्षभर भरत नव्हती. सोमवार, बुधवार, शुक्रवार पट्टी बदलावी लागे. नर्सबाईनं गाडी खांबापाशी लावली आणि औषधांची पिशवी डोक्याशी धरून गुडघाभर बर्फातून ती चालत आली. दारात तिच्या पँटमधून पाणी निथळत होतं.

"मादाम वेसाद, मी तुम्हाला फसवणार नाही," पट्टी बांधता बांधता ती म्हणाली. "आज आले. सोमवारीही येईन. पण जानेवारीत कंबरभर साचल्यावर मला जमायचं नाही. आणि पट्टी चुकली तर पाय जाईल. डॉक्टरांना लिहावं लागेल मला."

"काय लिहिणार?"

"की हिवाळाभर तुम्हाला खाली हलवावं. वृद्धाश्रमात."

"फोंपेरला?"

"फोंपेर तुमच्या जिल्ह्यात कुठं येतं? तुमची फाइल पलीकडे आहे. तिकडच्या आश्रमात, साठ किलोमीटरवर."

हिवाळ्यापुरते म्हणून खाली गेलेले चार-पाचजण मार्सेलीनबाईंना ठाऊक होते. वसंतात चढ चढून परत आलेला त्यातला एकही त्यांनी पाहिला नव्हता.

नर्सबाई गेली आणि त्यांनी फोंपेरच्या गावकचेरीत फोन लावला. तिथली चिटणीस मारीझ मंगळवार-शुक्रवार फोंपेरला आणि उरलेले दिवस आणखी तीन गावांना बसायची. मार्सेलीनबाई तिच्या हद्दीतल्या नव्हत्या, तरी त्यांची निम्मी पत्रं तिनंच टाइप केली होती.

"मारीझ, ती नवी चालक आंधळी आहे का गं? धुराडं दिसत नाही तिला माझं?"

"मादाम, तिच्या कागदावर लिहिलंय खांबापर्यंत. ती खांबापर्यंत येते. गाडीत आता यंत्र बसवलंय, गाडी कुठं कुठं गेली ते मांदला दिसतं."

"आणि रेझीसच्या कागदावर काय लिहिलं होतं?"

मारीझनं फोनवर उगाच कागद चाळले. एरवी तिचं उत्तर तयार असायचं.

"बोल ना."

"तेच. खांबापर्यंत."

"हो, पण त्याला वळायला जागा नव्हती."

"मादाम," मारीझ अगदी हळू म्हणाली, "दुधाचा टँकर कुठं वळायचा?"

मार्सेलीनबाईंनी फोन ठेवला आणि खुर्चीवर बसल्या. दुधाचा टँकर. बर्फगाडीच्या दीडपट लांब, भरलेला. एक दिवसाआड तो क्रूसाजवळच्या गोठ्याचं दूध न्यायला यायचा आणि खांबापाशी, डांबर नव्हतं तेव्हाही, सुरेख वळून जायचा. हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. याच खिडकीतून पाहिलं होतं. आणि सव्वीस वर्षांत एकदाही ते आणि हे त्यांनी शेजारी ठेवून पाहिलं नाही.

आपण उपकार करतो आहोत, या तोऱ्यात त्या सव्वीस हिवाळे जगल्या होत्या. आणि दुकानातले सगळे लोक, "खरं आहे, मादाम," म्हणणारे, सगळे जाणून होते! आधी त्यांना लाज वाटली, कान तापले. मग राग आला, तो कुणावर काढावा हे सुचेना. आणि मग त्यांना रडू आलं. नवरा गेल्यावरही त्या अशा रडल्या नव्हत्या. आपण या डोंगरावर एकटीनं, कुणाचं काही न घेता निभावलं, असं त्या समजत होत्या. आणि इतकी वर्षं कुणीतरी त्यांना त्यांच्या नकळत सांभाळलं होतं. इतक्या बेतानं, की त्यांचा मान दुखावू नये.

रविवारी रेझीस आला. पायांना बर्फातले रुंद जोडे बांधून, काठ्या टेकत, फोंपेरहून चालत. मारीझनं त्याला सांगितलं असणार. दारात त्यानं मिशांवरचा बर्फ झाडला.

"जवळून चाललो होतो," तो म्हणाला.

"इथून जवळ काय आहे? रानडुकरं?" मार्सेलीनबाई म्हणाल्या. "बस. सूप आजचंच आहे."

तो बसला. त्यानं वाडग्यात राय धान्याच्या पावाचा तुकडा बुडवला. मार्सेलीनबाई समोर बसून त्याच्याकडे बघत राहिल्या.

"खोटारडा आहेस तू, रेझीस."

"भिंतीला दोनदाच लागलं होतं, मादाम. तिसऱ्यांदा तुमच्याच ट्रॅक्टरनं..."

"भिंत गेली खड्ड्यात. टँकर वळायचा तिथं."

रेझीसनं पाव खाल्ला, सावकाश. "टँकरवाल्याचा हात चांगला होता," तो म्हणाला.

"का केलंस?"

"पहिल्या बर्फाला मी खांबापाशीच वळलो होतो," रेझीस म्हणाला. "नियमाप्रमाणे. वळताना आरशात तुमचं धुराडं दिसलं. धूर निघत होता. माणूस धूर बघतो नि पाठ फिरवून जातो, हे काही बरं दिसत नाही. पुढच्या खेपेला आलो मग."

"मग तसं सांगायचंस! वळायला जागा नाही, हे काय नाटक?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही घेतलं असतं?" त्याचे डोळे हसले. "अग्निशमनवाल्यांनी लाकडं फोडून देतो म्हटलं, तर त्यांच्यावर पत्र लिहिलंत तुम्ही. म्हटलं, या बाईकडे काही द्यायला जाऊ नये, मागायला जावं."

मार्सेलीनबाई उठल्या, चुलीशी गेल्या, उगाच झाकण काढून पुन्हा ठेवलं. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मला आभार मानता येत नाहीत. सवय नाही. पण मी तुझी आभारी आहे, रेझीस. फार आभारी आहे. ऐकलंस ना? पुन्हा म्हणणार नाही."

"ऐकलं," रेझीस म्हणाला. आणि मग, बाईंना पुढे काही बोलायची वेळ येऊ नये म्हणून, "मीठ जरा कमी आहे."

त्या संध्याकाळी बाईंनी एकेचाळिसावं पत्र लिहायला घेतलं. पहिली ओळ लिहिली, "आपले चालक रेझीस पाझेस यांचे आभार," आणि हात थांबला. पुढे काय लिहिणार? की तो सव्वीस वर्षं नियम मोडत होता? सूप पितापिता रेझीस सांगून गेला होता, मार्चच्या पत्रानंतर मांदच्या साहेबांनी त्याला बोलावून विचारलं होतं आणि त्यानं निर्विकार चेहऱ्यानं सांगितलं होतं, "हो साहेब, जागा अरुंद होती." आता आभार मानले तर निवृत्तीच्या पहिल्याच हिवाळ्यात तो कागदावर खोटा ठरेल. त्यानं जन्मभर जे निभावलं, ते आता त्यांना निभावायचं होतं. त्यांनी कागद फाडला आणि नेहमीसारखी तक्रार लिहिली.

मंगळवारी त्यांनी ती फोनवरून मारीझला सांगितली. "लिही. आपण केलेली नवी जागा कुचकामी आहे. वाऱ्यानं तिथं बर्फ साचतो. गाडीला वळायला पूर्वी जागा नव्हती आणि आताही नाही. माझ्या अंगणात वळण्याचा आपला सव्वीस वर्षांचा वहिवाटीचा हक्क असून तो मी कायमस्वरूपी, लेखी देत आहे. आपण तो वापरत नाही, यानं माझा अपमान होतो. लिहिलंस?"

"लिहिलं," मारीझचा आवाज हसू दाबल्यासारखा येत होता. "एक प्रत पलीकडच्या जिल्ह्यालाही पाठवते. दोघांनी आपसात करारनामा केला की काम झालं. आणि शेवट? तुमचा नेहमीचा?"

सरकारी पत्राचा शेवट म्हणजे फ्रान्समध्ये मोठा सोहळा. लोक चार ओळींचं आर्जव करतात. मार्सेलीनबाईंची चाळीसही पत्रं मात्र नुसती "नमस्कार" लिहून संपली होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्यात लांब जो असेल तो घाल. महोदय, कृपा करून माझ्या अत्यंत आदराच्या, मनःपूर्वक आणि कृतज्ञ भावनांचा स्वीकार व्हावा. तो घाल."

"कृतज्ञ? तक्रारीच्या पत्रात?"

"घाल म्हटलं ना."

उत्तराची वाट बघण्यात अर्थ नव्हता; अठरा दिवसांचा चमत्कार काही दर खेपेला होत नसतो. गुरुवारपासून मात्र बर्फ जो सुरू झाला तो थांबेना. शुक्रवारी सकाळी खिडकीचा खालचा भाग झाकला गेला होता. आज पट्टीचा दिवस. बाईंनी कपाटातून छोटी बॅग काढून खाटेवर ठेवली, आश्रमात न्यावी लागेल ती, आणि तिच्यात काय घालावं ते न सुचून तशीच उघडी ठेवली. मग आपण काय करतो आहोत याचा फारसा विचार न करता कोबी चिरायला घेतला.

गाडीचा आवाज आला. चढ चढला, खांबापाशी पोचला आणि थांबला. बाईंचा चिरता हात थांबला. मागे-पुढे होण्याचा आवाज आला नाही. बराच वेळ नुसतं इंजिन गुरगुरत राहिलं. मग आवाज वाढला. मोठा झाला. अजून मोठा झाला, कपाटातल्या बशा थरथरू लागल्या, आणि बर्फाची पांढरी भिंत दोन्हीकडे उडवत केशरी गाडी अंगणात शिरली.

बाई शाल ओढून दारात आल्या. काच खाली झाली. चाळिशीतली, लोकरीची टोपी घातलेली एक बाई बाहेर डोकावली. ती पाठ केलेलं म्हणावं तसं, जरा अडखळत म्हणाली,

"मादाम, जरा तुमच्या अंगणात वळू का? खांबापाशी वळायला जागाच नाही."

"डांबर घातलेली ती जागा आहे ना?"

"आहे. पण तिच्यावर हा एवढा ढीग आहे बर्फाचा." सेवरीननं हात डोक्याच्या वर नेला. "तसं लिहूनही घेतलंय मी कागदावर. वाऱ्यानं केलाय म्हणतात."

"वाऱ्यानं?"

"हो. पहाटे फोंपेरहून ट्रॅक्टर घेऊन आला होता वारा. मिशा आहेत त्याला."

मार्सेलीनबाईंना सेवरीनला केवढं तरी सांगायचं होतं. एकेचाळीस पत्रांत न लिहिलेलं सगळं त्या एका दारात उभं राहून सांगता आलं असतं. पण बाई जुन्या जाणत्या होत्या. या वाक्याला उत्तर एकच असतं, हे त्यांना ठाऊक होतं.

"इतका मोठा जिल्हा, आणि वळायला जागा नाही!" त्या ओरडल्या. डोळे पुसले ते शालीच्या टोकानं, बर्फ गेला म्हणून. "वळ बये, वळ! पण भिंत सांभाळ! आणि वळून झाल्यावर थांब, सूप होतंय. आजचंच आहे."

सेवरीननं गाडी मागे घेतली. तिनं मोकळ्या केलेल्या वाटेवरून नर्सबाईची छोटी पांढरी गाडी हळूहळू येताना दिसत होती. मार्सेलीनबाई आत गेल्या. खाटेवरची उघडी बॅग बंद करून त्यांनी कपाटात सगळ्यात वर ठेवली, आणि तीन वाडगी काढली.